अँगसचा किनारा: गोल्फ, धुरावरचा हॅडॉक आणि गाव सोडून गेलेली माणसं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी डंडीत राहते. पुण्याहून, दुबईहून, न्यू जर्सीहून नातलग येतात, एडिंबराचा किल्ला पाहतात, मग हायलँड्सचे डोंगर गाठायला निघतात आणि आमच्या दाराशी असलेला अँगसचा किनारा राहूनच जातो. ज्यांना मी हट्टाने तिकडे घेऊन गेले, त्यांतल्या एकानेही दिवस वाया गेला असं म्हटलं नाही. गेल्या काही वर्षांत फोनवर आणि जेवणाच्या टेबलावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

अँगस नेमकं कुठे आहे?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डंडी आणि ॲबर्डीन यांच्या मध्ये. समोर उत्तर समुद्र, मागे शेतं आणि त्यांच्या मागे डोंगरातल्या दऱ्या, ज्यांना इथे ग्लेन म्हणतात. दक्षिणेकडून निघालात तर किनाऱ्यावर आधी कार्नूस्टी लागतं, मग आर्ब्रोथ, मग माँट्रोज. आतल्या बाजूला फॉर्फर, किरीम्यूर आणि ब्रेकिन. डंडी आज प्रशासनाच्या दृष्टीने वेगळं शहर आहे, पण जुन्या अँगस परगण्यातलंच.

गोल्फमधलं आम्हाला काही कळत नाही. तरी यावं का?

जरूर यावं. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नसते. इथे गोल्फ हा श्रीमंतांच्या क्लबातला खेळ म्हणून पाहायचा नाही. हा इथल्या सुतारांचा, विणकरांचा, गिरणीतल्या पोरांचा खेळ होता आणि पुढे तोच त्यांचा परदेशी जायचा परवाना झाला. ती गोष्ट कळायला खेळाचे नियम यावे लागत नाहीत.

'लिंक्स' म्हणजे काय? साध्या गोल्फ कोर्सपेक्षा वेगळं काय असतं?

समुद्राची पुळण संपते आणि नांगरटीची जमीन सुरू होते, त्यांच्या मधला वाळूचा, उंचसखल, आखूड गवताचा पट्टा म्हणजे लिंक्स. पीक येत नाही, झाडं टिकत नाहीत, मेंढ्या चरतात आणि पावसाचं पाणी झटकन जिरतं. शेतीला निरुपयोगी म्हणून ही जमीन गावाच्या वापरात राहिली आणि तिथे खेळ रुजला. वाऱ्याला अडवणारं काही नसल्यामुळे खेळाडू चेंडू उंच उडवण्यापेक्षा जमिनीलगत पळवायला बघतात. खालची जमीन कडक, त्यामुळे चेंडू पडल्यावरही कितीतरी वेळ घरंगळत राहतो, आणि तो कुठे थांबेल ते मुरलेल्या खेळाडूलाही नक्की सांगता येत नाही.

कार्नूस्टीला सगळ्यांत अवघड का म्हणतात?

कार्नूस्टीजवळच्या बॅरीच्या लिंक्सवर गोल्फ खेळल्याची नोंद 1560 सालची आहे. आजच्या मुख्य कोर्सची पहिली दहा होल (होल म्हणजे चेंडू खळग्यात घालेपर्यंतचा एक टप्पा; सगळे टप्पे मिळून ज्याचे फटके कमी तो जिंकतो) एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सेंट अँड्रूजच्या ॲलन रॉबर्टसनने आखली, ओल्ड टॉम मॉरिसने 1867 मध्ये ती अठरा केली आणि 1926 मध्ये जेम्स ब्रेडने कोर्सला आजचं वळण दिलं. ब्रिटिश ओपन, ज्याला इथे सगळे नुसतंच 'द ओपन' म्हणतात, ती कार्नूस्टीत आठ वेळा झाली: 1931, 1937, 1953, 1968, 1975, 1999, 2007 आणि 2018.

अवघडपणाची कारणं दोन, वारा आणि बॅरी बर्न. बर्न म्हणजे ओढा. शेवटच्या दोन होलवर हा ओढा वळणं घेत पुन्हा पुन्हा वाटेत येतो. काठ दगडांनी बांधून काढलेले आहेत, रुंदी बघाल तर आपल्याकडच्या एखाद्या पाटाएवढी. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला प्रश्न पडला, की एवढ्याशा पाण्याला जगातले मोठमोठे खेळाडू का घाबरतात? उत्तर 1999 साली टीव्हीवर साऱ्या जगाने पाहिलं. फ्रान्सचा ज्याँ व्हान द वेल्ड शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. दोन फटके जास्त लागले असते तरी करंडक त्याचाच होता. त्याचा दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटला, तिथून ओढ्याच्या दगडी भिंतीवर, आणि उसळून मागे उंच गवतात पडला. तिसरा थेट पाण्यात. बूटमोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो ओढ्यात उतरला आणि पाण्यातल्या चेंडूकडे बघत उभा राहिला. शेवटी दंडाचा फटका पत्करून चेंडू बाहेर ठेवला, पुढचा वाळूत गेला, आणि होल सातव्या फटक्यात पूर्ण झालं. बरोबरी झाली म्हणून प्लेऑफ, म्हणजे निकाल लावायला जादा खेळ झाला, आणि जिंकला तो शेजारच्या ॲबर्डीनचा पॉल लॉरी, जो त्या दिवशी सकाळी दहा फटक्यांनी मागे होता. मला मात्र आठवतो तो व्हान द वेल्डने घातलेला सातवा फटका. चेंडू होलपासून दोनेक मीटर लांब होता आणि तो चुकला असता तर प्लेऑफचीही संधी गेली असती. इतकं सगळं हातचं गेल्यावरही त्याने तो शांतपणे आत घातला.

2007 मध्ये आयर्लंडच्या पॅड्रिग हॅरिंग्टनने याच होलवर दोनदा ओढ्यात चेंडू घालवला आणि तरीही प्लेऑफमध्ये सर्जिओ गार्सियाला हरवून ओपन जिंकली. म्हणजे ओढा दर वेळी माणसाला बुडवतोच असं नाही.

आणि बेन होगनचं काय? गावात त्याचं नाव सारखं ऐकू येतं.

अमेरिकेचा होगन 1949 मध्ये मोटार अपघातात मरता मरता वाचला होता. चार वर्षांनी, 1953 मध्ये, तो ओपन खेळायला कार्नूस्टीला आला. आयुष्यात हीच ओपन त्याने खेळली आणि हीच जिंकली. त्या काळी ब्रिटनमधला चेंडू अमेरिकेतल्या चेंडूपेक्षा किंचित लहान असे, म्हणून सवय करायला तो दोन आठवडे आधीच येऊन राहिला. चार फेऱ्यांत त्याचे फटके झाले 73, 71, 70 आणि 68; दर फेरीत आधीच्या फेरीपेक्षा कमी. सहाव्या होलवर डावीकडे कुंपण, मध्ये वाळूचे खड्डे आणि दोन्हींच्या मधली चिंचोळी जागा त्याने निवडली होती. त्या होलला आता 'होगन्स ॲली' म्हणतात. आमच्या गल्लीला एखाद्या पाहुण्याचं नाव द्यावं तितक्या आपुलकीने गावाने हे नाव ठेवलं आहे.

आम्हाला तिथे खेळता येईल का?

हो. कार्नूस्टीचे तिन्ही कोर्स, चॅम्पियनशिप, बर्नसाइड आणि बडन, कोणालाही बुकिंग करून खेळता येतात. ही खासगी क्लबची मालमत्ता नाही. 1890 च्या सुमारास जमीन विकायला निघाली तेव्हा नगरपालिकेकडे पैसे नव्हते, मग लोकांनी वर्गणी गोळा केली आणि लिंक्स गावाची झाली. चॅम्पियनशिप कोर्सचा उन्हाळ्यातला दर एका फेरीला तीनशे पौंडांच्या वर जातो, बुकिंग कित्येक महिने आधी करावं लागतं आणि हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला मागितला जाऊ शकतो. माझं मत विचाराल तर नवशिक्याने बर्नसाइड खेळावा. तोच वारा, तीच माती, आणि खिशाला निम्म्याहून कमी चाट.

नुसतं बघायला, फिरायला जाता येतं?

येतं, आणि तिकीट लागत नाही. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने माणसाला मोकळ्या जमिनीवरून चालत जायचा हक्क दिला आहे आणि त्यात गोल्फ कोर्स ओलांडणंही येतं. पथ्य एवढंच, की होलभोवतीच्या हिरव्या गुळगुळीत भागावर, म्हणजे ग्रीनवर, पाय ठेवायचा नाही आणि कोणी फटका मारत असेल तर थांबायचं. 'फोर!' अशी आरोळी ऐकू आली तर वर बघत बसू नका, डोकं हातांनी झाका.

कार्नूस्टीच्या लोकांनी अमेरिकेला गोल्फ शिकवला असं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. मला विचाराल तर हा किनारा बघायचं सगळ्यांत मोठं कारण हेच.

1890 नंतर अमेरिकेत गोल्फचे क्लब झपाट्याने उभे राहिले. पैसा होता, जमीन होती, पण खेळ शिकवणारा, काठ्या बनवणारा, गवत राखणारा माणूस नव्हता. इकडे कार्नूस्टीत ही तिन्ही कामं येणारी तरुण पोरं होती आणि त्यांना पुरेल एवढं काम नव्हतं. एकाने जावं, तिथे जम बसवावा आणि मग धाकट्या भावाला बोलावून घ्यावं, असं चालू झालं. मुंबईच्या गिरणीत लागलेल्या कोकणातल्या माणसाने गावच्या पोरांना एकेक करून खोलीवर आणावं, तसंच. या एका छोट्या गावातून तीनशेच्या आसपास माणसं गोल्फच्या नोकरीवर परदेशी गेली असं कार्नूस्टीत सांगतात.

स्मिथांचं घर बघा. पाच भाऊ, पाचही गोल्फर. विली स्मिथने 1899 ची यूएस ओपन 11 फटक्यांनी जिंकली. एवढ्या फरकाचा विक्रम मोडायला 2000 सालापर्यंत, टायगर वुड्सपर्यंत वाट पाहावी लागली. ॲलेक्स स्मिथने तीच स्पर्धा 1906 आणि 1910 मध्ये जिंकली. 1906 मध्ये दुसरा आला तो सख्खा भाऊ विली. 1910 मध्ये बरोबरी झाली आणि प्लेऑफ खेळलेल्या तिघांत ॲलेक्सबरोबर धाकटा मॅकडॉनल्ड होता. विली पुढे मेक्सिकोत नोकरीला गेला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. यूएस ओपन सुरू झाल्यापासून 1910 पर्यंत एकही अमेरिकेत जन्मलेला माणूस ती जिंकू शकला नव्हता. तो मान 1911 मध्ये जॉन मॅक्डर्मॉटने मिळवला, म्हणजे आदल्या वर्षीच्या त्याच प्लेऑफमधल्या, स्मिथ बंधूंव्यतिरिक्तच्या खेळाडूने.

दुसरं घर मेडनांचं. जिमी मेडन अटलांटाच्या ईस्ट लेक क्लबात होता. 1908 मध्ये त्याची जागा भावाने, स्टुअर्टने घेतली. स्टुअर्ट बुटका, अबोल, बोलला तरी कार्नूस्टीच्या अशा हेलात की समोरच्याला निम्मंच कळावं. त्या क्लबाजवळ राहणारा एक सहा वर्षांचा किरकोळ प्रकृतीचा मुलगा त्याच्या मागे मागे फिरायचा आणि घरी जाऊन त्याची काठी फिरवायची लकब हुबेहूब करायचा. तो मुलगा बॉबी जोन्स. रीतसर शिकवणी अशी फारशी झालीच नाही, मुलगा बघून शिकला. पुढे जोन्सला खेळताना लांबून पाहून लोकांना स्टुअर्टच वाटायचा.

1930 मध्ये जोन्सने त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकल्या. त्यांतल्या ब्रिटिश ओपनमध्ये तो दोन फटक्यांनी जिंकला, आणि संयुक्त दुसऱ्या क्रमांकावर होता मॅकडॉनल्ड स्मिथ. यूएस ओपनमध्येही दोन फटक्यांनीच जिंकला, आणि दुसरा पुन्हा मॅकडॉनल्ड स्मिथ. कार्नूस्टीच्या माणसाकडे बघून शिकलेल्या मुलाने कार्नूस्टीच्या माणसाला एका वर्षात दोनदा हरवलं. मॅकडॉनल्ड पुष्कळ स्पर्धा जिंकला, पण भावांसारखी मोठी स्पर्धा त्याच्या नशिबी कधीच आली नाही. लिंक्सच्या कडेने चालताना मला विजेत्यांपेक्षा हाच माणूस जास्त आठवतो.

माँट्रोजच्या कोर्सला '1562' असं नाव का आहे?

जेम्स मेलव्हिल नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे, की तो लहानपणी माँट्रोजला शिकायला होता तेव्हा त्याला गोल्फ शिकवला गेला. साल साधारण 1562. म्हणून कोर्सचं नाव तेच. एके काळी इथे पंचवीस होल होती आणि 1866 मध्ये पंचवीसच्या पंचवीस होलांवर स्पर्धा झाली होती. कार्नूस्टीपेक्षा इथे गर्दी कमी, दर कमी आणि समुद्र जास्त जवळ. इतका जवळ, की दर हिवाळ्यात लाटा वाळूचे उंचवटे खातात आणि कोर्सची जमीन घटत चालली आहे. साडेचारशे वर्षांचं हे मैदान बघायचं असेल तर लांबणीवर टाकू नका.

गोल्फ सोडून आणखी कोण कोण गेलं इथून?

बुइक मोटारीचं नाव ऐकलं असेल. डेव्हिड डनबर बुइक आर्ब्रोथचा. 1854 मध्ये जन्मला आणि दोन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर डेट्रॉइटला गेला. आधी नळकामाच्या धंद्यात होता. लोखंडी बाथटबवर पांढरं इनॅमल चढवायची पद्धत त्याने बसवली आणि त्यात चांगले पैसे केले. मग इंजिनांचं वेड लागलं आणि 1903 मध्ये बुइक मोटार कंपनी निघाली. याच कंपनीच्या पायावर 1908 मध्ये जनरल मोटर्स उभी राहिली, पण तोवर बुइक स्वतः बाहेर पडला होता. 1929 मध्ये तो डेट्रॉइटमध्येच गरिबीत वारला. त्याच्या नावाच्या लाखो गाड्या रस्त्यावर धावत होत्या.

तुमच्याबरोबर रॉक संगीत ऐकणारं कोणी असेल तर त्याला किरीम्यूरला न्यावंच लागेल. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट 1946 मध्ये फॉर्फरला जन्मला, किरीम्यूरला वाढला आणि सहा वर्षांचा असताना, 1952 मध्ये, कुटुंबाबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला. 2016 मध्ये किरीम्यूरला त्याचा पुतळा उभा राहिला. चाहते ऑस्ट्रेलियाहून येतात आणि पुतळ्याच्या पायाशी फुलं ठेवून जातात.

भारताशी, महाराष्ट्राशी काही नातं आहे का?

आहे, आणि सगळंच सुखाचं नाही.

माँट्रोजच्या हमरस्त्यावर जोसेफ ह्यूमचा पुतळा आहे. 1777 चा जन्म. वडील लवकर गेले, आईने चिनी मातीची भांडी विकून घर चालवलं. मुलगा डॉक्टर होऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात गेला आणि तिथल्या भाषा शिकला. मराठ्यांशी दुसरं युद्ध तोंडावर आलं होतं आणि कंपनीच्या बंदुकीच्या दारूचा मोठा साठा ओल लागून खराब झाला होता. ह्यूमला रसायनशास्त्र येत होतं. त्याने तो साठा पुन्हा कामाचा करून दिला. 1803 मध्ये जनरल लेकची फौज दिल्लीला आणि लासवारीला शिंद्यांच्या पलटणींशी लढली. या पुतळ्यासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हे सगळं डोक्यात होतं, आणि पोटात काहीतरी तुटलं. हाच ह्यूम भरपूर पैसा मिळवून परत आला, पार्लमेंटमध्ये निवडून गेला आणि तीस-पस्तीस वर्षं सरकारी उधळपट्टीविरुद्ध, सैनिकांना फटके मारण्याच्या शिक्षेविरुद्ध आणि मजुरांच्या संघटनेच्या हक्कासाठी भांडला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

बर्न्स बंधूही माँट्रोजचेच, कवी रॉबर्ट बर्न्सच्या कुळातले. धाकटा अलेक्झांडर सोळाव्या वर्षी, 1821 मध्ये, मुंबईच्या फौजेत भरती झाला, फारसी शिकला, सिंधूच्या वाटेने लाहोरला आणि पुढे बुखाऱ्यापर्यंत गेला, आणि नोव्हेंबर 1841 मध्ये काबूलच्या उठावात मारला गेला. थोरला जेम्स मुंबईत डॉक्टर होता. त्याने 1843 मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे फ्रीमेसन या बंधुसंघटनेचं लॉज, म्हणजे शाखा, काढलं, हिंदी लोकांना सभासद होता यावं म्हणून. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

डंडीचं नातं बंगालशी. इथल्या गिरण्यांत बंगालचा ताग यायचा. पुढे गिरण्याच हुगळीकाठी निघाल्या आणि डंडीचे जॉबर, मॅनेजर कोलकात्याला गेले. डंडीतलं व्हर्डंट वर्क्स हे संग्रहालय त्या इतिहासाचं आहे. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला तिथला यंत्रांचा खडखडाट ओळखीचा वाटेल.

आर्ब्रोथचा मठ पडका आहे. त्यात बघण्यासारखं काय?

विल्यम द लायन या राजाने 1178 मध्ये तो स्थापला आणि त्याला पुरलंही तिथेच. तांबड्या दगडाच्या उंच भिंती उरल्या आहेत आणि दक्षिणेच्या भिंतीत वर एक मोठी गोल खिडकी आहे. तिला गावात 'राउंड ओ' म्हणतात. एके काळी त्यात दिवा लावून खलाशांना वाट दाखवत.

पण लोक येतात ते 6 एप्रिल 1320 या तारखेसाठी. इंग्लंडच्या राजाचं वर्चस्व आम्हाला मान्य नाही, असं सांगणारं स्कॉटलंडच्या सरदारांचं पत्र याच मठातून पोप बाविसावा जॉन याच्याकडे गेलं. त्यातलं एक कलम मला आजही धाडसाचं वाटतं. आपलाच राजा इंग्रजांपुढे झुकला तर त्यालाही काढून दुसरा राजा करू, असं त्यात म्हटलं आहे. अमेरिकेच्या सिनेटने 1998 मध्ये 6 एप्रिल हा टार्टन डे, म्हणजे स्कॉटिश वारशाचा दिवस, ठरवला, तो याच पत्रावरून. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा या पत्रावरून बेतला असं त्या ठरावात म्हटलं आहे. इतिहासकार ते सहसा मान्य करत नाहीत आणि मलाही ते ओढूनताणून वाटतं. गेलेल्यांच्या नातवंडांना मागे वळून बघायला एक दिवस मिळाला, एवढं पुरे आहे.

आणखी एक. स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाची शिळा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून 1950 च्या नाताळात चार विद्यार्थ्यांनी पळवली आणि एप्रिल 1951 मध्ये ती सापडली याच मठात. आता ती पर्थच्या संग्रहालयात आहे.

बेल रॉक दीपगृह किनाऱ्यावरून दिसतं का?

हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर काडीसारखं दिसतं. किनाऱ्यापासून सुमारे 18 किलोमीटरवर समुद्रात एक खडक आहे, भरतीला पूर्ण बुडणारा. जुन्या काळी मठाच्या प्रमुखाने त्यावर घंटा बांधली होती अशी दंतकथा आहे, म्हणून बेल रॉक. रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या देखरेखीखाली 1807 मध्ये काम सुरू झालं. ओहोटीचे दोन-चार तास मिळायचे, तेवढ्यात खडक फोडायचा, दगड बसवायचा आणि पाणी चढायच्या आत होडीत परतायचं. 1 फेब्रुवारी 1811 ला दिवा लागला. दोनशे वर्षांहून जास्त काळ लाटा खात तो मनोरा उभा आहे.

आर्ब्रोथ बंदराजवळचा सिग्नल टॉवर आता संग्रहालय आहे. दिवेकऱ्यांची कुटुंबं तिथे राहायची. समुद्रातल्या बापाला बाळ झाल्याचं कळवायला टॉवरवर कपडा चढवत, मुलगा असेल तर पँट आणि मुलगी असेल तर परकर, असं तिथे सांगतात.

आर्ब्रोथची स्मोकी, म्हणजे धुरावरचा हॅडॉक मासा, कशी असते? आपल्या सुक्या मासळीसारखी?

नाही. आपली सुकी मासळी उन्हात वाळते, ही धुरात शिजते. हॅडॉकचं डोकं काढून मासा साफ करतात, मिठात ठेवतात, मग दोन दोन मासे शेपटीला सुतळीने बांधून काठीवर टांगतात. खाली पिंपात लाकडाचा विस्तव आणि वर ओलं गोणपाट. गोणपाट ओलं राहिलं तर आग भडकत नाही आणि धूर कोंडतो. तासाभरात मासा तांबूस सोनेरी होतो. 2004 पासून या नावाला संरक्षण आहे: आर्ब्रोथपासून आठ किलोमीटरच्या आत केलेली असेल तरच ती आर्ब्रोथ स्मोकी.

बंदरावरच्या दुकानात पिंपातून काढलेली गरम स्मोकी कागदात मिळते. पाठीचा काटा अंगठ्याने सोडवायचा, तो अखंड निघून येतो. आतलं मांस पांढरंशुभ्र, रसाळ, पाकळ्यापाकळ्यांनी सुटणारं. माझी सासू मालवणची, मासळीच्या बाबतीत सहजासहजी बरं न म्हणणारी. तिने एक जोडी उभ्या उभ्या संपवली आणि दुसरी भातासोबत खायला घरी नेली.

मूळ स्मोकी आर्ब्रोथची नाही, उत्तरेला पाच किलोमीटरवरच्या ऑख्मिथी या कड्यावरच्या कोळीवाड्यातली. तिथे धक्का नव्हता. नवऱ्यांचे पाय भिजू नयेत म्हणून बायका त्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून होडीपर्यंत पोचवत.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते. हॉटेलांत आणि कॅफेत सूप, पाव, चीज, बटाट्याचे पदार्थ सगळीकडे मिळतात. फक्त फॉर्फर ब्रायडी करंजीसारखी दिसते म्हणून फसू नका, आत गोमांस असतं. घेण्याआधी विचारा.

ग्लाम्स किल्ल्याला जावं का?

वेळ असेल तर जावं. दुसऱ्या एलिझाबेथ राणीची आई तिथे वाढली आणि राजकन्या मार्गारेट 1930 मध्ये तिथे जन्मली. राजघराण्याची आवड नसेल तर तोच वेळ एबर्लेम्नोच्या दगडांना द्या. पिक्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या रहिवाशांनी, बाराशे ते पंधराशे वर्षांपूर्वी कोरलेले दगड रस्त्याच्या कडेला आणि चर्चच्या आवारात उभे आहेत, तिकीट नाही. एकावर घोडेस्वारांची लढाई आहे. हिवाळ्यात मात्र दगडांवर लाकडी पेट्या चढवतात, तेव्हा ऑक्टोबर ते मार्च गेलात तर पेट्याच दिसतील.

चालायला, पक्षी बघायला कुठे जावं?

आर्ब्रोथहून सीटन क्लिफ्सची वाट धरा. तांबडे कडे, खाली गुहा, समुद्रातून वर आलेले सुळके. कडा ढिसूळ आहे, मुलांचे हात धरा. वसंतात आणि उन्हाळ्यात समुद्रावरून अचानक धुकं येतं, त्याला इथे 'हार' म्हणतात. एकदा मे महिन्यात आम्ही ऊन बघून निघालो आणि वीस मिनिटांत पुढचा माणूस दिसेना. वाट सोडली नाही, जागीच बसून राहिलो, तासाभराने निवळलं. माँट्रोजच्या खाडीत शरद ऋतूत आइसलँड आणि ग्रीनलंडकडून गुलाबी पायांचे हंस-बदकांच्या जातीचे पक्षी हजारोंनी उतरतात. पहाटे सगळे एकदम उठतात तो आवाज ऐकायला थंडी सोसावी.

कधी यावं आणि कसं यावं?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये साडेतीनलाच अंधारतं. उन्हाळ्यातही वाऱ्याचं जाकीट हवंच. एडिंबराहून ॲबर्डीनला जाणारी रेल्वे फोर्थ आणि टे या खाड्यांवरचे दोन प्रसिद्ध पूल ओलांडून डंडीला येते आणि पुढे किनाऱ्यानेच जाते. डंडीहून कार्नूस्टी पंधरा मिनिटं, आर्ब्रोथ वीस, माँट्रोज अर्धा तास. उजव्या खिडकीशी बसा. सगळ्या गाड्या कार्नूस्टीला थांबत नाहीत, आधी बघून घ्या. ग्लाम्स, किरीम्यूर आणि एबर्लेम्नोसाठी मोटार लागते.

आमच्या शहरातल्या जुन्या स्कॉटिश कबरीवर अँगसच्या गावाचं नाव आहे. माहिती कशी काढावी?

स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर 1855 पासूनच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी आहेत, त्याआधीची चर्चची दप्तरं आहेत आणि 1841 पासूनच्या जनगणना आहेत. कंपनीच्या किंवा सरकारी नोकरीतला माणूस असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद बघावेत. कबरीचा फोटो काढताना अक्षरांवर बाजूने ऊन पडेल अशी वेळ साधा, झिजलेलं नावही वाचता येतं. त्या घराण्याचं कोणी आज कॅनडात किंवा न्यूझीलंडमध्ये असेल तर त्यांना तो फोटो पाठवा. माझ्या ओळखीत एकाने असा पाठवला, आणि पलीकडून उत्तर आलं, की हा मुलगा हिंदुस्थानात गेला एवढंच आमच्या घरात माहीत होतं.

एकच दिवस आहे. काय करावं?

सकाळी लवकर कार्नूस्टीला उतरा. स्टेशनवरून लिंक्स दिसतातच. अठराव्या होलजवळ ओढ्याच्या बाजूला अर्धा तास उभे राहा आणि साध्या हौशी खेळाडूंचे चेंडू पाण्यात जाताना बघा. तिथून आर्ब्रोथ. मठ, मग सिग्नल टॉवर, मग दुपारी बंदरावर गरम स्मोकी. पोट भरल्यावर सीटन क्लिफ्सवर जमेल तेवढं चाला. परतीच्या गाड्या संध्याकाळी बऱ्याच असतात. खिशात ओले रुमाल ठेवा, स्मोकीचा वास हातावरून दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही.